'ड्विंडल'ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतराच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या वर्षात असलेल्या एका मुलीचा हा प्रश्न. कसबा पेठेतल्या तांबट आळीवरचा एक इंग्रजी लेख तिला मराठीत आणायचा आहे. त्यात एक वाक्य आहे: 'द नंबर ऑफ तांबट फॅमिलीज हॅज ड्विंडल्ड ओव्हर द इयर्स, अँड विथ देम द साउंड ऑफ हॅमर्स.' तिनं लिहिलं, 'तांबट कुटुंबांची संख्या वर्षानुवर्षे हळूहळू कमी झालेली आहे व त्यासोबत हातोड्यांचा आवाजही.' सरांनी खाली लाल रेघ मारून शेरा दिला: 'अर्थ बरोबर, वाक्य मेलेलं.' ती विचारते, 'मॅडम, शब्दकोशात तर हाच अर्थ आहे. मग चुकलं कुठे? आणि डिक्रीज, वेन, टेपर, सबसाइड या सगळ्यांचा अर्थ कमी होणं हाच असेल, तर फरक ओळखायचा कसा?'

सरांची रेघ योग्य जागी पडली आहे, आणि तुझं लिहिलेलंही खोटं नाही. मी पुण्यात 26 वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. पाण्याचे अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, कोर्टाचे कागद असं सगळं हातावरून गेलं आहे. 'कमी होणं' या एका अर्थापाशी मी जितक्या वेळा अडले, तितकी दुसरीकडे क्वचितच अडले असेन. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्द नीट हातात घेऊ. इंग्रजीत 'ड्व'नं सुरू होणारे रोजच्या वापरातले शब्द जेमतेम तीन: ड्वार्फ, ड्वेल आणि हा ड्विंडल. वर्गात पुष्कळ मुलं 'डिविंडल' म्हणतात, मध्ये एक इकार घुसवतात. 'ड' आणि 'व' जोडूनच म्हणायचे.

जुन्या इंग्रजीत 'ड्वाइन' असं एक क्रियापद होतं. अर्थ खंगणं, झिजणं, सुकत जाणं. डच भाषेत 'नाहीसं होणं' यासाठी आज जो शब्द आहे तो याच मुळाचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या 'ड्वाइन'ला 'ल'चं शेपूट लागलेलं दिसतं आणि ड्विंडल तयार होतो. हे शेपूट इंग्रजीत पुन्हा पुन्हा, थोडी थोडी घडणारी क्रिया दाखवतं. स्पार्क म्हणजे ठिणगी, पण स्पार्कल म्हणजे लुकलुकत राहणं. क्रॅक म्हणजे एकदा तडकणं, क्रॅकल म्हणजे तडतडत राहणं. तसं ड्विंडल म्हणजे थोडं थोडं करून खंगत जाणं.

आता आपल्या घरातला शब्द आठव. सुट्टीत आलेल्या नातवाच्या पाठीवरून हात फिरवत आजी म्हणते, 'किती रोडावलास रे!' रोड म्हणजे हडकुळा, अंगावर मांस नसलेला. आणि त्याच शहरातल्या वर्तमानपत्रात सकाळी मथळा असतो, 'प्रवासीसंख्या रोडावली'. शरीराचं खंगणं आकड्याला लावलं. इंग्रजीनं 'ड्वाइन'चं जे केलं, तेच मराठीनं 'रोडावणं'चं केलं, आणि दोघींनी एकमेकींना न विचारता केलं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी शब्दकोश उघडून उभी होते आणि मागच्या गिऱ्हाईकाला वाट द्यायचं विसरले होते. तेव्हापासून विद्यार्थ्यांची संख्या, सभासदांची संख्या, प्रेक्षक, हजेरी अशा माणसांच्या मोजणीला ड्विंडल आला, की माझा पहिला हात 'रोडावणं'कडे जातो.

पण तो सगळीकडे चालत नाही. पाणी रोडावत नाही, आशा रोडावत नाही. इथून खरा गुंता सुरू होतो.

माझी मावशी पुरंदर तालुक्यात राहायची. घरामागे विहीर होती, रहाट नव्हता, दोरानं पोहरा सोडायचा. संक्रांतीला दोर हातात गुंडाळून उरायचा. होळीनंतर पोहरा पाण्याला टेकायच्या आत दोर संपायला लागायचा, मग मावशी त्याला जुन्या दोराचा तुकडा गाठ मारून जोडायची. चैत्रात दुसरी गाठ. वैशाखात तिसरी, आणि पोहऱ्यात पाण्याबरोबर गाळ. एका दिवसात पाणी किती उतरलं हे विहिरीत वाकून कुणालाच सांगता आलं नसतं. ते सांगायचा दोर. कुणी पाणी मुद्दाम कमी करत नव्हतं. आणि तिसरी गाठ पडली की पुढे काय हे सगळ्यांना ठाऊक असायचं: तळ. ड्विंडल म्हणजे त्या तीन गाठी. वेग इतका मंद की रोज दिसत नाही. करणारा कुणी नाही. आणि शेवटाला शून्य, निदान शून्याची सावली. इंग्रजी लेखक डिक्रीज सोडून ड्विंडल वापरतो तेव्हा त्याला या तिन्ही गोष्टी हव्या असतात, आणि बहुतेक वेळा त्यात हळहळ मिसळलेली असते.

बहुतेक वेळा म्हणते, कारण साथीच्या बातम्यांत 'रुग्णसंख्या ड्विंडल होऊन हाताच्या बोटांवर आली' अशा अर्थाची वाक्यं येतात, तिथे हळहळ नसते. तिथे शून्याकडे जाणं एवढाच अर्थ उरतो. तेवढी मोकळीक शब्दाला आहे.

मंद वेगाची अट मात्र पक्की. पक्ष्यांची दोन उदाहरणं घे. भारतातली गिधाडं 1990 च्या दशकात काही वर्षांतच धडाधड मेली, कारण जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. सरकारनं 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एकही उरली नव्हती. इंग्रजीत यासाठी क्रॅश किंवा प्लमेट लिहितात, मराठीत 'कोसळली'. याउलट सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक. गवताळ माळ शेताखाली गेले, विजेच्या तारा आल्या, शिकार झाली, आणि पक्षी वर्षागणिक एखादा-दुसरा करत दिसेनासा होत गेला. हा ड्विंडल. शेवट दोन्हीकडे सारखाच वाईट, शब्द मात्र वेगळे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेसाठी आलेखांचं वर्णन लिहिणारी मुलं 'सेल्स ड्विंडल्ड शार्पली' लिहितात. ते 'एकदम हळूहळू पडला' म्हणण्यासारखं होतं.

दुसरी अट, करणारा कुणी नसतो. व्याकरणात हे असं उतरतं की ड्विंडलला कर्म लागत नाही. 'कंपनी ड्विंडल्ड इट्स स्टाफ' होत नाही, तिथे रिड्यूस. 'द वॉटर वॉज ड्विंडल्ड' ही आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक, तीही नको. 'द वॉटर हॅज ड्विंडल्ड' किंवा 'इज ड्विंडलिंग' म्हणायचं. कितीवर आलं हे सांगायचं असेल तर पुढे 'टू', पार नाहीसं होत गेलं तर 'अवे'. मराठीत ही अडचण नाही, कारण आपल्याकडे क्रियापदाची जोडी तयार असते. आटणं आणि आटवणं. विहीर आटते, दूध आपण आटवतो. आणि दुधाचं बघ, बासुंदीसाठी दोन लिटरचं एक लिटर झालं तर ते आटलं असंच म्हणतो, पण त्यात काही गमावलेलं नसतं, कमावलेलं असतं. त्या आटण्याला इंग्रजीत ड्विंडल म्हटलं तर वाचणारा समजेल की दूध कुणी तरी गुपचूप पीत होतं.

हाच फरक पुण्याच्या पाण्याच्या बातम्यांत रोज दिसतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. एप्रिल-मे महिन्यांत बातमी येते, 'धरणसाखळीतला साठा आटत चालला.' हा ड्विंडल. पावसाळ्यात येते, 'खडकवासल्यातून मुठेत होणारा विसर्ग कमी केला.' दार फिरवणारा माणूस आहे, किती क्युसेक ते ठरलेलं आहे, हा रिड्यूस. आणि नदीपात्रातल्या रस्त्यावरचं पाणी उतरलं की 'पूर ओसरला', त्याला इंग्रजीत रिसीड किंवा सबसाइड. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. तो दिवस पाहिलेली माणसं सांगताना 'पाणी ओसरल्यावर आम्ही वाड्यात परत आलो' असं सांगतात. 'आटल्यावर' एकानंही म्हटलेलं मी ऐकलं नाही. जे नको इतकं चढलेलं असतं ते ओसरतं: पूर, गर्दी, राग, तापाची साथ. जे हवं असतं आणि पुरत नाही ते आटतं. मराठी माणूस हा फरक विचार न करता पाळतो, भाषांतर करायला बसला की मात्र विसरतो, कारण समोर शब्दकोशातलं 'कमी होणे' उघडं असतं.

तुझ्या प्रश्नाचं मूळ उत्तर माझ्या मते इथे आहे. इंग्रजी क्रियापद कमी होण्याची तऱ्हा सांगतं. हळू की झपाट्यानं, आपोआप की मुद्दाम, परत येणारं की न येणारं. ड्विंडल एकदा निवडला की तो पाण्याला, पैशाला, आशेला, सैन्याला सारखाच लागतो. मराठी आधी विचारते, काय कमी झालं? झरा आटतो, हजेरी रोडावते, आशा मावळते, प्रकृती खालावते, केस विरळ होतात, जंगल आक्रसतं, आवाज विरतो, शिधा सरतो, उजेड मंदावतो, लोकप्रियतेला ओहोटी लागते. पैशासाठी तर आपण पुन्हा पाण्याकडेच जातो. 1991 साली देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं, तेव्हाही 'गंगाजळी आटली' असंच लिहिलं जाई. म्हणून ड्विंडलला एक मराठी शब्द शोधत बसू नकोस. वाक्यातला कर्ता बघ, क्रियापद तोच सुचवेल.

मग हळूपणा कुठे गेला, असं तू विचारशील. 'आटला', 'रोडावली' यात तो अर्धाच येतो. उरलेला अर्धा मराठी दुसऱ्या क्रियापदानं सांगते, आणि याच जागी नवे भाषांतरकार 'हळूहळू' हे क्रियाविशेषण चिकटवून मोकळे होतात. 'हळूहळू' वाईट नाही, पण दर परिच्छेदात आलं की वाक्य पाय ओढत चालतं. आपल्याकडे जाणं, चालणं, येणं आणि नेणं ही चार साधी क्रियापदं आहेत. 'पाणी आटत गेलं' म्हटलं की बराच काळ मागे पडलेला दिसतो, सांगणारा शेवटाला उभा राहून मागे बघतो आहे. 'पाणी आटत चाललंय' म्हटलं की ते आत्ता, डोळ्यांदेखत चाललं आहे आणि जीव खालीवर होतो आहे. इंग्रजीतल्या 'इज ड्विंडलिंग'ला याच्याइतकं जवळचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. 'पाणी आटत आलंय' म्हणजे तिसरी गाठ पडली, आता थोडंच राहिलं. आणि 'कमी करत नेलं' म्हणजे करणारा आला, तोही घाई न करता, बेतानं करणारा. एकच कमी होणं, चार प्रकारे बघणं. इंग्रजीला यासाठी काळ, क्रियाविशेषण आणि कधी अख्खं उपवाक्य खर्चावं लागतं.

शेवटचं ते 'करत नेणं' टेपर या शब्दासाठी जपून ठेव. टेपर म्हणजे मुळात मेणबत्ती, बारीक, टोकाला निमुळती होत जाणारी. त्या आकारावरून क्रियापद झालं. उमेदवारीच्या काळात मी एका रुग्णालयासाठी स्टेरॉइडच्या गोळ्यांचं माहितीपत्रक मराठीत केलं होतं. मूळ वाक्यात डोस टेपर करायला सांगितलं होतं. मी लिहिलं, 'डोस हळूहळू कमी करा.' तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी समासात पेन्सिलनं दोन प्रश्न लिहिले: 'किती हळू? कोण ठरवणार?' मग मला समोर बसवून समजावलं. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीरातली अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम जवळजवळ थांबवते. गोळी एकदम बंद केली तर ती लगेच जागी होत नाही आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. माझं वाक्य वाचून एखाद्या आजोबांनी आज दोन, उद्या एक, परवा बंद असं केलं असतं, तर त्यांच्या दृष्टीनं तेही हळूहळूच होतं. आम्ही शेवटी छापलं ते असं: 'डॉक्टरांनी लिहून दिलेल्या टप्प्यांप्रमाणे डोस कमी करत न्या. गोळ्या एकदम बंद करू नका.' एका शब्दाची दोन वाक्यं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या दिवसापासून औषधाच्या कागदावर 'हळूहळू' हा शब्द मी एकटा सोडलेला नाही.

वेन हा माझा लाडका शब्द, त्यामुळे त्याच्यापाशी थोडी थांबते. चंद्र वॅक्स होतो आणि वेन होतो, आपल्या पंचांगात शुद्ध आणि वद्य. वेनच्या मुळाचा अर्थ उणेपणा, कमतरता. आणि भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशी संस्कृतातलं 'ऊन' जोडतात, ज्यातून आपलं उणं, उणीव, आणि एकोणीसमधला तो 'ऊण' आला. एकानं उणे वीस म्हणजे एकोणीस. म्हणजे 'द मून इज वेनिंग' म्हणणारा इंग्रज आणि 'मला कशाची उणीव नाही' म्हणणारी आपली आजी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाचे दोन तुकडे बोलत असतात. वापरताना लक्षात ठेवायचं ते असं की वेन मोजता न येणाऱ्या गोष्टींना लागतो: प्रभाव, उत्साह, सत्ता, रस. विद्यार्थी वेन होत नाहीत, त्यांचा रस वेन होतो आणि मग विद्यार्थ्यांची संख्या ड्विंडल होते. शिवाय चंद्रामुळे वेनमध्ये परत भरण्याची शक्यता राहते. 'उत्साह ओसरला', 'प्रभाव क्षीण होत गेला', 'रस कमी झाला' असं प्रसंग पाहून लिही. ड्विंडलमध्ये परतीची वाट सहसा दिसत नाही.

बाकीच्यांना फार वेळ नको. सबसाइडच्या पोटात खाली बसणं आहे, म्हणून धुरळा बसतो, सूज उतरते, वेदना शमतात, जमीन मात्र खचते, तिथे चुकूनही ओसरली लिहू नकोस. अबेट वादळाला आणि पावसाच्या जोराला. कोर्टात 'सूट अबेट्स' असं येतं तेव्हा त्यात हळूहळू काही नसतं: पक्षकार वारला आणि मुदतीत त्याचे वारस दाव्यात आणले नाहीत तर दावा त्याच्यापुरता तिथेच संपतो, त्यामुळे तो कागद करताना वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पीटर आउट म्हणजे बारगळणं, जोरात सुरू होऊन मध्येच विरणं. डिक्रीज हा कोरडा, आकड्यांचा शब्द, त्याला 'घटणं' किंवा 'कमी होणं' पुरेसं आहे. तुझं 'कमी झालेली आहे' हे त्याच्यासाठी अगदी बरोबर होतं, म्हणूनच सरांनी अर्थ बरोबर म्हटलं.

आता तुझं वाक्य. लिहिण्याआधी एकदा तांबट आळीत जाऊन ये, कसब्यातच आहे, तुझ्या वसतिगृहापासून फार तर अर्धा तास. कोकणातून पेशवाईत आलेली ही घरं. बंब, हंडे, घंगाळी घडवायची आणि त्यावर ठोक्यांची नक्षी उठवायची, तिला मठारकाम म्हणतात. स्टीलची भांडी आली, न्हाणीघरात गीझर आला, बंब माळ्यावर गेला, आणि पुढच्या पिढीतली मुलं दुसरीकडे नोकरीला लागली. एखाद्या दुपारी तिथे उभी राहिलीस तर अजून एखाद्या घरातून ठोके ऐकू येतात, सारख्या अंतरानं, मध्ये भांडं फिरवण्यापुरता श्वास घेत. तो आवाज ऐकल्यावर 'हातोड्यांचा आवाज कमी झालेला आहे' असं तुझ्या हातून लिहून होणार नाही.

'संख्या' हा शब्दही सोडून द्यायला हरकत नाही. इंग्रजीला 'नंबर ऑफ' लागतो, आपल्याला घरं पुरतात. आणि वाक्यात दोन गोष्टी कमी होताहेत, घरं आणि आवाज, म्हणून क्रियापदंही दोन लागतील. इंग्रजीनं एकात भागवलं म्हणून आपण भागवायला नको. मी असं करेन:

'तांबटांची घरं वर्षागणिक एकेक करत उणी होत गेली, आणि त्यांच्याबरोबर ठोक्यांचा आवाजही विरत गेला.'

'उणी' तुला जुनं वाटलं तर 'कमी' ठेव, 'एकेक करत' आणि 'होत गेली' मात्र काढू नकोस. लेख वृत्तपत्रासाठी असेल आणि जागा थोडी असेल तर 'तांबट कुटुंबं रोडावत गेली, तसा ठोक्यांचा आवाजही विरला' चालेल. आणि तू आळीत जाऊन आलीस आणि तुला ठोके नीट ऐकू आले, तर 'विरत गेला'च्या जागी 'विरत चालला आहे' लिही. मूळ इंग्रजीत 'हॅज ड्विंडल्ड' आहे, त्यात अजून थोडं शिल्लक असण्याला जागा आहे.